हजेरीपट आणि आस्था

स्मरणिका समितीतल्या तरुण मंडळींनी मला जून महिन्यात बोलावलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. पंचवीस वर्षांच्या कार्यकारिणीचा एक तक्ता करून द्या ना. कोण किती मीटिंगला हजर होतं, टक्केवारीसकट. आपण स्मरणिकेत छापू या." रकानेही त्यांनी आखून ठेवले होते. हजेरीला पन्नास गुण, उपसमितीतल्या कामाला तीस, गणपती-कोजागरी-संक्रांतीला वीस. ज्याचे गुण जास्त त्याची सोसायटीबद्दलची आस्था जास्त.

खरं सांगतो, मला कल्पना आवडली. ज्याचं आयुष्य बँकेत गेलं त्याला रकाना दिसला की तो भरावासा वाटतोच. शिवाय आस्था ही गोष्ट आपल्याकडे भाषणात फार येते आणि कागदावर कधीच येत नाही, ही माझी जुनी तक्रार. म्हणून ऑफिसच्या कपाटातली सगळी प्रोसिडिंग बुकं घरी आणली. पहिली दोन लाल कापडी बांधणीची, हाताने लिहिलेली. नंतरची टाइप करून चिकटवलेली. शेवटची सगळी प्रिंटआउट, फायलीत लावलेली. दीड महिना रोज दुपारी बसून मी सह्या मोजल्या. सौभाग्यवती म्हणाली, "रिटायर झालात हे त्या बँकेला कळवलंय ना?"

तक्ता झाला. टॅलीही झाला. सर्वांत वर कोण? अस्मादिक. मी खजिनदार होतो त्या दहा वर्षांत माझ्या फक्त दोन गैरहजेऱ्या, त्यातली एक मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. आणि सर्वांत खाली ज्यांचं नाव आलं त्या म्हणजे ए विंगमधल्या एक ताई. एकच मुदत समितीत होत्या आणि अर्ध्याहून जास्त सभा त्यांनी चुकवलेल्या. त्यांची नोंद लिहिताना मी पेन खाली ठेवलं. बेरीज बरोबर होती, पुन्हा केली तरी तीच आली. पण बँकेत कधी कधी असं होतं की बेरीज बरोबर येते आणि तरीही आतून माहीत असतं की कुठेतरी एक व्हाउचर राहून गेलंय. तसं झालं. ते व्हाउचर कोणतं, ते पुढे सांगतो. त्याआधी हे मोजमाप करण्याची खोड किती जुनी आहे ते सांगायला हवं, कारण तक्ता बाजूला ठेवून मी पुढचे दोन महिने तेच वाचत बसलो.

कायद्याचं आधी उरकतो, कारण त्यात फारसं काही नाही. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, तो फक्त पतपेढ्यांपुरता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. त्याआधी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल बँक उभी करणारेही तेच. आपण आज ज्याला सोसायटी म्हणतो ती कल्पना आपल्या भागात रुजली ती तिथून. पुढे १९२५ चा मुंबईचा कायदा, मग १९६० चा महाराष्ट्राचा. या सगळ्यात समिती सदस्याने किती काम करावं याचं माप एकच, हजेरी. उपविधींप्रमाणे रजा न घेता लागोपाठ तीन मासिक सभा चुकवल्या की सदस्यत्व जातं. निवडून आल्यावर स्टँप पेपरवर एम-२० चा बाँड द्यायचा, म्हणजे चुकीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्यांनी मिळून आणि एकेकट्याने घ्यायची. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये आपल्या कायद्यात 'क्रियाशील सभासद' आला. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला या, तर तुम्ही क्रियाशील! पाच वर्षांत एकदा! माझा धाकटा भाऊसुद्धा पाच वर्षांत दोनदा अमेरिकेहून येतो. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं, ते असो.

कोरमचं तर आपण सगळे जाणतोच. दोनतृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. नसतील तर सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी कोरमशिवाय चालू. त्यामुळे आपली वार्षिक सभा पंचवीस वर्षं नोटिशीतल्या वेळेनंतर बरोबर अर्ध्या तासाने सुरू होत आली आहे. मंडळी अशी वक्तशीर की मधल्या अर्ध्या तासात कुणी फिरकत नाही.

सहीवर किती विसंबायचं याचा एक अनुभव. एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. तिथल्या एका शिक्षणसंस्थेने इमारतीसाठी कर्ज मागितलं. ठरावाची प्रत तपासायची म्हणून मी मूळ प्रोसिडिंग बुक मागवलं. अकरा संचालक, अकरा सह्या, दर महिन्याला, एकही चुकलेली नाही. मी खूश. पण आमच्या शाखेतला शिपाई त्याच गावचा. तो हळूच म्हणाला, "साहेब, हे बुक सायकलवर फिरतं." म्हणजे सभा होतच नव्हती. संस्थेचा शिपाई बुक घेऊन अकरा घरी जाई, चहा पिई आणि सह्या घेऊन येई. त्या अकरांपैकी दोघांना शाळेचे वर्ग किती तेही सांगता येईना. माझ्या आताच्या तक्त्यात ती संस्था बसवली असती तर सगळ्यांना पन्नासपैकी पन्नास मिळाले असते.

आता मुख्य गोष्ट. संस्थेच्या कारभाऱ्याची आस्था मोजायची कशी, हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत कडाक्याने भांडला गेला तो आपल्या पुण्यात, १८८५ ते १८९० या काळात. भांडणारे कोण? टिळक आणि आगरकर. आपल्याला शाळेत शिकवलं जातं की त्यांचं भांडण आधी सुधारणा की आधी स्वराज्य यावरून झालं. ते खरंच. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटी ज्यावरून फुटली तो मुद्दा फार साधा होता, कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघेल असा. जो माणूस संस्थेचा म्हणवतो त्याने आपला वेळ आणि कमाई यांतलं किती संस्थेला द्यायचं?

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. वामन शिवराम आपटे आणि आगरकर लगेच येऊन मिळाले. पुढच्या वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. १८८४ च्या ऑक्टोबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. संस्थेचा कणा म्हणजे आजीव सदस्य. वीस वर्षं संस्थेत काम करायचं अशी त्यांची बांधिलकी. पगार थोडा, पुढे बरीच वर्षं महिना पंच्याहत्तर रुपये. बाहेर सरकारी नोकरीत त्याच शिक्षणावर कितीतरी जास्त मिळत होतं. शिकवणारेही तेच आणि कारभार पाहणारेही तेच. टिळकांच्या डोळ्यासमोर जेझुइट पाद्र्यांचा नमुना होता. स्वतःसाठी काही नाही, सगळं संस्थेचं.

माणसं ध्येयवादी असली तरी त्यांना घरं होती, मुलंबाळं होती. पगारवाढीवरून पहिल्यांदा खटका उडाला. मग प्रश्न निघाला बाहेरच्या कामाचा. आपटे कोश आणि पाठ्यपुस्तकं लिहीत. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला आणि गोखले त्याची इंग्रजी बाजू सांभाळू लागले. टिळकांचं म्हणणं, आजीव सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा आहे, बाहेर कामं आणि कमाई करायची असेल तर त्याला नियम हवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वर्गातलं काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळात कोण काय करतो ते विचारायचा हक्क कुणाला नाही. आता 'केसरी'शी टिळक स्वतःच किती बांधलेले होते हे सगळं पुणं बघत होतं, तेव्हा त्यांच्या म्हणण्याला उलट उत्तर मिळणार हे उघड होतं.

१८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. टिळकांनी हरकत घेतली की या कामात गोखल्यांचे रोजचे काही तास जाणार आणि ते तास संस्थेचे आहेत. मतं पडली, टिळक अल्पमतात गेले. ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्याची कारणं सांगणारं एक लांबलचक निवेदन लिहिलं. ज्यांनी एका तुरुंगात एकशे एक दिवस काढले त्या मित्रांचं नातं तासांच्या हिशेबावर आलं.

मी हे वाचताना आधी पूर्णपणे टिळकांच्या बाजूचा होतो. बँकेत दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टरवर लाल रेघ मारणारा माणूस दुसरा कुणाच्या बाजूचा असणार? नियम सगळ्यांना सारखा नसेल तर संस्था ज्याच्या त्याच्या मर्जीवर चालते, हे मी चाळीस वेळा बघितलंय. आणि टिळक काही मत्सराने बोलत नव्हते. दहा वर्षं राबून उभी केलेली संस्था त्यांनी सोडली, नियमापायी. पण मग मी दुसरीकडे वळून गोखले पुढे काय करतात ते पाहू लागलो आणि माझा गोंधळ सुरू झाला.

ज्यांचे तास बाहेर जातात अशी तक्रार होती तेच गोखले पुढे संस्थेचे चिटणीस झाले. फर्ग्युसनच्या नव्या इमारतीसाठी पैसे हवे होते. सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी मागायचं काम गोखल्यांनी केलं. हे वर्गणीचं काम काय असतं ते लिफ्टसाठी घरोघर फिरलेल्या आपल्या मंडळींना विचारा. दारात उभं राहायचं, लोकांचं ऐकून घ्यायचं, पाच रुपये घेऊन दोन वेळा नमस्कार करायचा. आणि गोखल्यांची लोकांत ओळख वाढली होती ती बहुतेक सार्वजनिक सभेसारख्या बाहेरच्या कामांमुळेच. म्हणजे टिळकांच्या वहीत जे तास खर्ची पडलेले दिसत होते त्यांतले काही पुढे फर्ग्युसनच्या खात्यात जमा झाले असणार. हे माझं अनुमान, पण बँकवाल्याचं अनुमान आहे.

आणखी गंमत पुढे आहे. १९०२ मध्ये गोखल्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला आणि १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. त्यातली एक अशी की समाज जी तरतूद करील तीत समाधान मानायचं आणि आपली शक्ती स्वतःसाठी पैसा मिळवण्यात मुळीच घालवायची नाही. वाचताना मी पुस्तक उलटं ठेवलं आणि हसलो. पंधरा वर्षांपूर्वी टिळक ज्या नियमासाठी भांडले, त्याच जातीचा नियम आता गोखल्यांच्या लेखणीतून उतरला होता! आणि आणखी एक शपथ अशी की कुणाशीही व्यक्तिगत भांडण करायचं नाही. १८९० ची आठवण त्या ओळीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

टिळक गेल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून धोंडो केशव कर्व्यांना बोलावून घेतलं. १८९१ मध्ये कर्वे आले, पुढच्या वर्षी आजीव सदस्य झाले आणि १९१४ पर्यंत राहिले. आता आपण आपल्या अंगणात येतो, कारण आपली सोसायटी ज्या जमिनीवर आहे ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक.

१८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पुणं आणि मुरूड दोन्हीकडून बहिष्काराची झळ सोसली. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. आज आपण जिथे पार्किंगवरून भांडतो तिथे तेव्हा माळ आणि शेतं होती, धड रस्ताही नव्हता. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि संध्याकाळी चारेक मैल चालत हिंगण्याला येत. पावसाळ्यात चिखल तुडवत. आश्रमातल्या बायकांना शिकवत, रात्री राहत आणि सकाळी चालत परत कॉलेजला. असं बरेच दिवस चाललं.

आता सांगा, १८९० चं माप कर्व्यांना लावलं तर? रोजची संध्याकाळ बाहेरच्या संस्थेला, सुट्ट्या बाहेरच्या संस्थेच्या वर्गणीला. साफ नापास. पण वीस वर्षांहून जास्त काळ ते फर्ग्युसनमध्ये शिकवत राहिले, आणि फर्ग्युसनचं नाव त्यांच्यामुळे कमी झालं की वाढलं ते मी सांगायला नको. उलट हिंगण्याकडून पाहिलं तर? आश्रमाच्या प्रमुखाची दिवसा हजेरी शून्य. दोन्हीकडच्या मस्टरात अर्धा माणूस, आणि मधला चार मैलांचा रस्ता कुणाच्याच रकान्यात नाही.

कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. १९१८ मध्ये तर, इंग्रजी जेमतेम येत असताना, अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. त्यांच्या सहीचा मस्टर कुठे असणार?

म्हणून मोजूच नये असं मात्र मी म्हणत नाही. हिशेबाच्या बाबतीत कर्वे फार काटेकोर होते, आणि लोकांनी त्यांच्या हातात पैसा दिला तो त्यामुळेच. मोजायला नको म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना बहुधा काहीतरी लपवायचं असतं.

आता ते राहिलेलं व्हाउचर.

२००९ ची गोष्ट. तेव्हा आपल्याकडे थकबाकी फार वाढली होती. टँकरचं बिल, सिक्युरिटीचे पगार, सगळं अडलं होतं. मी खजिनदार. समितीच्या सभेत मी ठराव मांडला की सहा महिन्यांवर ज्यांची थकबाकी आहे त्यांची नावं रकमेसह नोटीस बोर्डावर लावायची आणि उपविधींत आहे तसं एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज आकारायचं. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या सभेला ए विंगच्या ताई नव्हत्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रात्री आठनंतर त्यांना घर सोडता येत नसे, आणि आपल्या सभा असत रात्री नऊला. सभेची वेळ बदलावी असं त्यांनी एकदा लेखी कळवलं होतं. ते पत्र फायलीत आहे. 'नोंद घेतली' असा शेरा त्यावर आहे, माझ्याच अक्षरात.

यादी लागली. पाच नावं होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई माझ्या दारात. म्हणाल्या, "काका, त्या तिसऱ्या नावाचं एवढं करा, ते काढा." मी विचारलं, का? त्यांनी सांगितलं. त्या घरातल्या गृहस्थांची कंपनी बंद पडली होती. पत्नीची तब्येत ढासळली होती, हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या. मुलगी दहावीला. कुणाला सांगितलं नव्हतं. ताई रोज संध्याकाळी चार वाजता त्यांच्याकडे डबा देत, तेवढ्यात मुलीचं गणितही बघत. त्यांना सगळं माहीत होतं. मी त्याच जिन्यावरून दिवसातून चार वेळा जात होतो. माझ्याकडे त्या घराचा फक्त आकडा होता.

मी काय बोललो ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "ताई, ठराव झालाय. तुम्ही सभेला असतात तर तिथेच बोलता आलं असतं."

त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हो, ते खरं आहे." आणि गेल्या.

मी यादी काढली नाही. पुढच्या सभेत विषय घेऊ, तेव्हा हप्ते बांधून देऊ, असं मनाशी ठरवलं होतं. पण पुढची सभा महिन्याने. तोपर्यंत ते नाव बोर्डावर राहिलं. शाळेतून येताना मुलगी ते रोज वाचत असणार. सभेत मी हप्त्यांचा ठराव आणला, तोही एकमताने मंजूर झाला. पण त्यांनी हप्ते घेतले नाहीत. कुठून तरी उसने आणून व्याजासकट पूर्ण रक्कम भरली, मी पावती दिली, आणि त्या वर्षाच्या आत फ्लॅट विकून ते गेले. नो-ड्यूज सर्टिफिकेटवर सही माझी.

बाकीच्या चार जणांनी यादी लागल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले, हेही लिहिलं पाहिजे. सिक्युरिटीचे पगार झाले. यादी चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. आणि ताई त्या सभेला असत्या तर तिसरं नाव लागलं नसतं, हे तर नक्कीच. म्हणजे हजेरीला किंमत आहे, टिळक म्हणत होते तशी. पण रात्री नऊची वेळ कुणी ठेवली होती? ज्याला रात्री नऊला काहीच काम नसतं अशा आम्ही आठ पुरुषांनी. जिला सगळ्या इमारतीची खबर होती तीच येऊ शकणार नाही अशी वेळ आम्ही ठेवली, आणि मग पंचवीस वर्षांनी तिची टक्केवारी काढायला बसलो.

तरुण मंडळींना मी हे सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "काका, मग आणखी एक रकाना घालू. सभासदांच्या घरी किती वेळा गेले?" मी म्हटलं, घाल बाबा, पण तो भरणार कोण? कुणाच्या घरी गेलो याची नोंद ठेवणारा माणूस जातोय कशासाठी, हे त्या घराला पहिल्याच दिवशी कळतं. दुसरा म्हणाला की निदान सभेची वेळ तरी बदलू या. गेल्या महिन्यापासून समितीची सभा रविवारी सकाळी अकराला होते. पहिल्या सभेला नऊपैकी सात आले. एवढा एक आकडा मी या लेखात आनंदाने लिहितो.

माझा तक्ता या अंकात नाही. समिती सदस्यांची नावं वर्षवार आणि अकारविल्हे दिली आहेत, टक्केवारीशिवाय. ज्यांना आकडे पाहायचे असतील त्यांनी माझ्याकडे वही आहे, चहाला यावं. माझी दोन गैरहजेऱ्यांची नोंद शाईने आहे. ताईंच्या नावापुढचा आकडा मी पेन्सिलीने लिहिला आहे.

समारंभाला जुन्या सभासदांनाही बोलवायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरींनी त्या कुटुंबाचा पत्ता मागितला. मी शेअर ट्रान्स्फरची फाइल काढली. त्यात त्यांचा पत्ता म्हणून आपल्याच सोसायटीतला जुना फ्लॅट नंबर आहे. फोन नंबरही बंद. शेवटी ताईंना विचारलं. त्यांच्याकडे सगळं होतं. मुलीचं लग्न झालं, त्याला त्या जाऊन आल्या होत्या. निमंत्रण त्यांनीच पाठवलंय. येणार की नाही, ते हा मजकूर छापायला देईपर्यंत कळलेलं नाही.